बुट्टीच्या बुडातला खिळा

मित्रांनो, घरामागच्या परड्यात चुलीच्या शेजारी ती काळपट, एका अंगाला दबलेली बुट्टी दिसते का? तीच मी. उगाच नाक मुरडू नका. मला शेणाचा वास येतो, पेंढ्याचा येतो, कोंबडीच्या अंगाचा येतो, आणि त्याची मला तिळभर लाज नाही. माझ्या पोटात शेकड्यानं पिल्लं निघाली आहेत. तुमच्या पोटात एक तरी निघालंय का? मग गप ऐका.

मला विणलं गुंडूमामा बुरुडानं, हातकणंगल्याच्या बाजारात बसून. बांबूच्या कामट्या भिजवायच्या, तासायच्या, आणि गुडघ्याखाली दाबून अशा आवळायच्या की मी रडकुंडीला आले होते. १९९२ सालची गोष्ट. कसबा बावड्याच्या मीनाबाईनं मला उचललं, बुडावर दोन चापट्या मारल्या आणि म्हणाली, "भाकरी ठेवायला बरी हाय." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! भाकरीची बुट्टी म्हणजे घरात मान. पण घरी पोचते न पोचते तोच तिची आठ वर्षांची लेक संघप्रिया माझ्यात फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आई, ही आपल्या मोजेवालीला दे की. तिचं खोकं मोडलंय."

झालं! माझा मान गेला कोंबडीखाली. चार दिवस मी फुगून होते. मग जे काही झालं त्यानं माझा रुसवा कुठल्या कुठं गेला.

ही मोजेवाली म्हणजे मीनाबाईच्या आईनं दिलेली कोंबडी. तिच्या पायांवर पार बोटांपर्यंत पिसं होती. संघूच्या शाळेत मोजे घालून या म्हणून सांगितलेलं आणि संघूला मोजे नव्हते. "कोंबडीला हायत, मला न्हाईत," म्हणून ती भोकाड पसरून रडली होती. तेव्हापासून कोंबडीचं नाव मोजेवाली. बावड्यात तसल्या पायांची कोंबडी दुसऱ्या कुणाच्या परड्यात नव्हती.

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून अंग फुगवून बसायला लागली, की मीनाबाई मला आतून शेणानं सारवायची. उन्हात वाळवायची. बुडाला राख, राखेवर मऊ पेंढा, पेंढ्यावर अंडी, आणि वर मोजेवाली. एकवीस दिवस. पहिल्या खेपेला एकविसाव्या दिवशी माझ्या पोटात टकटक झाली, तेव्हा मी घाबरून गेले होते. मग एकेक ओलं, वेडंविद्रं पिल्लू बाहेर आलं. दुपारपर्यंत ती वाळून कापसासारखी झाली आणि प्रत्येकाच्या पायावर बारीक पिसांचे मोजे. संघूनं टाळ्या पिटल्या. भाकरीची बुट्टी व्हायची इच्छा मी त्या दिवशी सोडून दिली.

आता आक्काचं सांगते. आक्का म्हणजे शेजारीण, मीनाबाईपेक्षा पंधरा वर्षांनी थोरली, दोन म्हशी आणि मोठा आवाज असलेली. अंडी मांडली की ती कुंपणावरनं यायची आणि पेंढ्यात एक लोखंडी खिळा खुपसायची. आभाळ गडगडलं की अंड्यातला जीव दचकून मरतो, लोखंड असलं की मरत नाही, असं तिच्याकडं पिढ्यान् पिढ्या मानत आलेले. आणि मीनाबाई तो खिळा काढून तिच्या हातात द्यायची.

"आक्का, आमच्यात हे असलं न्हाय. छप्पन साली धम्म घेतला तवापास्नं सोडलंय आमी."

"सोडा की! तुमी सोडलं म्हणून आभाळानं गडगडायचं सोडलंय व्हय?"

"आभाळ गडगडंल न्हाईतर नाचंल, अंड्याला कान हायत का?"

दर खेपेला हेच. भांडण म्हणाल तर भांडण, पण ते झाल्याशिवाय दोघींना चहा गोड लागत नसे. मला विचाराल तर खिळा असो नसो, पिल्लं निघायचीच. मी कुणाची बाजू घेतली नाही. मला फक्त तो टोचायचा.

अशी वर्षं गेली. संघू बारावी झाली, डी.एड. झाली. २००४ साली तिचं लग्न झालं आणि ती पार नांदेडकडं गेली. जावई तिकडं मास्तर. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा जाताना दोन मोजेवाल्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा घेऊन गेली. मीनाबाईचा नवरा धोंडीराम, साखर कारखान्यात हंगामी कामाला, तो म्हणाला, "लोकं दागिनं नेत्यात, आमची लेक कोंबड्या नेतीया." संघू हसली. जाता जाता तिनं माझ्या काठावरनं हात फिरवला. माझी एक कामटी निघाली होती, ती तिनं आत दाबून बसवली.

२००५ च्या मार्चमध्ये मानमोडी आली. मित्रांनो, हा कोंबड्यांचा असा रोग आहे की सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी मान पिळून पडते. आठवड्यात परडं मोकळं झालं. मोजेवालीचं सगळं गणगोत मीनाबाईनं खड्ड्यात पुरलं आणि मला धुऊन, पालथी घालून ठेवलं. आक्काच्याही गेल्या. तिची एक तांबडी कोंबडी तेवढी कागलला बहिणीकडं होती म्हणून वाचली.

मीनाबाईच्या आईची निशाणी आता फक्त नांदेडला, लेकीच्या दारात उरली होती. संघूनं आक्काच्या फोनवर सांगितलं, "आई, रडू नगंस. अंडी धाडते. खुडूक कोंबडी तेवढी बघून ठेव."

मेमध्ये आक्काची तांबडी खुडूक झाली. मग दोघींचं ठरलं: कोंबडी आक्काची, अंडी मीनाबाईची, पिल्लं निम्मी निम्मी. आणि बावड्याचाच कृष्णात कंडक्टर नांदेडच्या गाडीवर होता, त्याच्याबरोबर खोकं आलं. भुशात रोवलेली तेरा अंडी. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख, संघूच्या सुरेख मास्तरणीच्या अक्षरात. दोन फुटली होती.

"खड्ड्यानं जीव खाल्ला बघा, काकू," कृष्णात ओशाळून म्हणाला. "मांडीवर घेतलं असतं, पर तिकिटं कोण फाडणार?"

"अकरा ऱ्हायली की. इषम हायत, बेस झालं," आक्का म्हणाली. सम अंडी ती कधी मांडू देत नसे.

खोक्यात चिठ्ठी होती. धोंडीरामनं मोठ्यानं वाचली. "आई, अंडी प्रवासात हलल्यात. एक दिवस निमुळतं टोक खाली करून तशीच ठेव, मग मांड. आणि सारखी उचलून बघू नगंस. तुला धीर न्हाय, मला ठावं हाय."

मीनाबाई हसली. "बघा, आईला शिकवायलीया." पण तिनं सांगितलं तसं केलं. दुसऱ्या दिवशी मला सारवून, वाळवून, अंडी मांडली. आक्कानं खिळा खुपसला. मीनाबाईनं काढून दिला. सगळं रीतीप्रमाणं झालं.

नवव्या दिवशी दुपारी आक्काच्या घरातला फोन वाजला. आक्का कुंपणापाशी आली आणि तिनं मीनाबाईला हाक मारली. संघूला कावीळ झाली होती. अंडी धाडली तेव्हाच अंगात कणकण होती म्हणे, पण तिनं कुणाला सांगितलं नाही. कावीळ डोक्यात गेली, आणि पोर गेली. एकवीस वर्षांची.

मीनाबाईचं ओरडणं मी ऐकलं, मित्रांनो. कोंबडीसुद्धा अंडी सोडून उभी राहिली.

नवरा-बायको मिळेल त्या गाडीनं नांदेडला गेली. मागं आक्का राहिली. ती रोज कोंबडीला खाली उतरवायची, पाणी-दाणा द्यायची, परत बसवायची. पहिल्याच दिवशी तिनं काय केलं ठाऊक आहे? पेंढा बाजूला सारून अगदी बुडाशी, राखेत, खिळा रोवला. वर पेंढा नीट बसवला. म्हणाली, "लेकीची अंडी हायत, बाबा. सांभाळ." कुणाला म्हणाली कोण जाणे.

चार-पाच दिवसांनी वळीव आला. पत्रे उडतील असं आभाळ कडाडलं. आक्का पोतं पांघरून धावत आली आणि माझ्यावर वाकून बसून राहिली. खिळा जागेवर होता. अंड्यांतले जीव मला कळत होते. ते जागेवर होते.

लेकीच्या पुण्यानुमोदनाचा विधी उरकून नांदेडहून परत आली ती वेगळीच मीनाबाई. जेवेना, निजेना. अंडी मांडून अठरावा दिवस होता. ती सरळ परड्यात आली आणि माझ्यासमोर बसली. अंड्यांवरच्या तारखा तिनं बोटानं चाचपल्या. मग उठून पातेल्यात कोमट पाणी घेऊन आली.

आमच्याकडं अशी एक रीत आहे. अंडी निघायच्या दोन-तीन दिवस आधी कोमट पाण्यात सोडून बघायची. आत जीव असला तर अंडं पाण्यात आपोआप डुलतं. कैक वेळा बघितलंय, काही होत नाही. पण ती अंडी घरची असायची. ही चौदा तास एस.टी.त आपटत आली होती. कवचावर केसापेक्षा बारीक तडे होते. मला दिसत होते. पण बुट्टीला तोंड कुठलं?

पहिलं अंडं सोडलं. ते डुललं. मीनाबाईनं तोंडावर पदर धरला. "हाय गं, हाय! जित्तं हाय!" दुसरं डुललं. तिसरं डुललं. "आक्का, ये गं, बघ, माझ्या संघूची अंडी नाचायल्यात!" त्या घरात नऊ दिवसांनी कुणीतरी हसलं होतं. आक्का धावत आली, तीही डोळे पुसत बघत बसली. तिलाही तड्यांचं सुचलं नाही. मीनाबाईला एकेक अंडं पाण्यातनं काढवेना. चांगलं डोळे भरून बघायची, मग ठेवायची. दहा झाली. अकरावं काढायला हात घातला तर तांबडीनं कडकडून चोच मारली.

"पुरं कर आता, रगत आलं," आक्का म्हणाली. अकरावं राहिलं.

त्या संध्याकाळपासून माझ्या पोटात एकेक जीव गप्प होत गेला. मी सारं ऐकत होते.

एकविसाव्या दिवशी एकच टकटक झाली. एकच पिल्लू निघालं, पायात मोजे घालून. बाविसावा गेला, तेविसावा गेला. शेवटी आक्कानं एक अंडं फोडलं. आत पाणी शिरलेलं. पुरं वाढलेलं पिल्लू, पायावर पिसंसुद्धा आलेली. आक्कानं कवच उजेडात धरलं, तड्यावरनं अंगठा फिरवला, आणि तिचा चेहरा पडला. तिला कळलं.

मागनं मीनाबाई म्हणाली, "मी बुडवली न्हवं? म्हणून मेली न्हवं? तिनं लिव्हलं हुतं, हात लावू नगंस म्हणून. आक्का, माझ्या लेकीचं मागं ऱ्हायलेलं मीच माझ्या हातानं मारलं गं!"

आक्कानं ते कवच मुठीत चुरडून टाकलं.

"गप, येडे! पाण्यानं कुठं अंडी मरत्यात व्हय? आमी काय कधी बघितली न्हाईत? तू न्हवतीस तवा आभाळ कडाडलं की. त्यानं गेली."

"पाण्यात तर डुलली की!"

"दचकलेला जीव चार दिस तडफडतोय. तेच डुलणं ते. आन् खिळा ठेवायचा माझ्या ध्यानातनं गेला. जल्मभर ठेवला आन् त्याच वक्ताला इसरलो मी. शिव्या दे मला. माझ्यामुळं गेली."

"मग हे एक कसं जगलं?"

"ते कोंबडीच्या पोटाखाली खोल हुतं. त्याला ऐकाया गेलं न्हाय."

मित्रांनो, खिळा माझ्या बुडात होता. मला टोचत होता. आणि आक्का मला साक्षी ठेवून धडधडीत खोटं बोलत होती. तेही ज्या गोष्टीवर तिचा देवाइतका भरवसा होता, तीच गोष्ट स्वतःवर उलटवून घेऊन. मीनाबाई, जिनं जन्मभर त्या खिळ्याला हसून घालवलं, तिनं तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. म्हणाली, "असूंदे आक्का. तू काय मुद्दाम इसरलीस व्हय?" त्या दिवशी ती दोन घास जेवली.

ते पिल्लू कोंबडा निघालं. निम्मं कसं करणार? "माझा वाटा तूच संभाळ," आक्का म्हणाली. त्याला जोडीला मोजेवाली कुठली? संघूमागं नांदेडच्या कोंबड्याही जावयानं विकून टाकल्या होत्या. गावठी कोंबड्यांतच तो वाढला. त्याच्या पिल्लांच्या पायांवर पिसं थोडी, त्यांच्या पिल्लांच्या पायांवर त्याहून थोडी. मीनाबाई अजून प्रत्येक पिल्लाचा पाय उजेडात धरून बघते.

त्या अंड्यांनंतर मी तशीच कोपऱ्यात पडून होते, मांडण्या दुसऱ्या खोक्यात व्हायच्या. तीन वर्षांनी, २००८ च्या मार्चमध्ये, तिनं मला नव्यानं सारवायला घेतलं. बुडाला घट्ट बसलेली जुनी राख खरवडताना तिच्या हाताला काहीतरी लागलं. गंजून लाल झालेला खिळा. तिनं तो पदराला पुसला. मग कुंपणापाशी गेली.

"आक्का, खिळा हुता की ह्यात."

आक्का तेव्हा पार वाकली होती, डोळ्यांना कमी दिसायचं. तिनं खिळा चाचपला. नखानं गंज खरवडून बघितला.

"असंल बाई," म्हणाली. "पर गंजलाय बघ. गंजलेला काय काम करंना."

मीनाबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आक्का, मला ठावं हुतं गं. कधीपास्नं ठावं हुतं."

"मग गप बसायचं की. मी काय कमी कष्टानं खोटं बोललो व्हय?"

दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडल्या. मग मीनाबाई परत आली, माझ्यात राख घातली, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तो खिळा राखेत रोवला. वर पेंढा घातला.

आक्का आता नाही. माझ्याही कामट्या सुटत चालल्या आहेत. एखाद्या थंडीत मी चुलीत जाईन, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, एवढं ऐका. जे काही उबेला बसलंय, ते सारखं उचलून बघू नका. आणि बघितलंच कुणी, चुकलंच कुणाच्या हातनं, तर तड्यावर बोट ठेवायच्या आधी त्या माणसाचा हात धरा. आक्कानं धरला होता.

आणि माझ्यात हात घालाल तेव्हा जपून घाला. खिळा अजून आहे.