बोडखीमागचं ऊन

मेडशीच्या अलीकडच्या एका गावात, अगदी शेवटच्या घरात धुरपताबाई आणि तिचा मुलगा संघदीप राहत. घराचं दार पश्चिमेला. समोर बोडखी नावाची टेकडी. हिवाळ्यात चार वाजता सूर्य बोडखीआड गेला की अंगणात सावली यायची. ती अंगणातल्या हापशीपर्यंत पोचली की धुरपताबाई चूल पेटवायची. चाळीस वर्षं तिला घड्याळ लागलं नव्हतं.

मग बोडखीवर गिट्टीची खदान आली. रोज दोन वाजता भोंगा, मागोमाग सुरुंग. तीन वर्षांत अर्धी टेकडी गेली. संघदीप त्याच खदानीवर टिप्पर चालवायचा.

यंदा दिवाळी झाली आणि ऊन हटेना. साडेपाचलाही ते दारातून थेट चुलीपर्यंत यायचं. कोंबड्या खुराड्यात जाईनात.

"बरं झालं ना, बाई. धुनं तरी वाळते," शेजारची पंचफुला म्हणाली.

धुरपताबाईला त्या उन्हात बसवत नव्हतं. कुणीतरी सारखं बघतंय असं वाटायचं. जेवण तुटलं. एकदा तर शेतातून येताना ती स्वतःच्या घरावरून पुढे निघून गेली. पंचफुलानं हाक मारून परत आणलं.

"माय, डॉक्टरले दाखवू," संघदीप म्हणाला.

"मले काई नाई झालं. हे दार बुजव."

"अन् जाचं-याचं कुठून?"

"मांगून. मांगं तरी टेकाड हाये अजून."

संघदीपनं मान खाली घातली.

रविवारी खदान बंद होती. त्यानं चौकट काढली आणि विटा रचायला घेतल्या. धुरपताबाईनं सिमेंट आणि दगडाची भुकटी कालवलेल्या मालात बोट फिरवलं.

"हे चुरी कुठली रे?"

"खदानीतली."

"बोडखीची?"

तो थापीनं माल वर-खाली करू लागला. तिनं हात झटकला आणि मग एकेक वीट त्याच्या हातात देऊ लागली.

संध्याकाळी घरात काळोख झाला. कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवायला बसली. संघदीपनं मात्र ताट बाजूला सारलं.

"माय... मांगच्या टेकाडावरबी खुना मारल्या."

"कोनं?"

"साहेब लोकाईनं. मीच नेलतं त्याईले, टिप्परमंदी बसवून."

"कवा?"

"पंधरा दिवस झाले. तुले सांगाची हिंमत नाई झाली."

धुरपताबाईनं ताटातच हात धुतला. मागचं दार उघडलं. मागच्या टेकाडावर मावळतीचं ऊन पडलं होतं आणि त्यात चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या, पायथ्यापासून माथ्यापर्यंत.

"कवा लागतीन तोडाले?"

"पावसाळ्याच्या आत."

तिनं बाज ओढून बाहेर काढली आणि टेकाडाकडे तोंड करून बसली.

सोमवारी दोनचा भोंगा झाला, तेव्हाही ती तिथेच होती. घरापलीकडे बोडखीवर सुरुंग उडाला. पंचफुला दचकली, कोंबड्या उधळल्या. धुरपताबाईनं टेकाडावरची नजर काढली नाही.