कळमेश्वरची चिलखती गाडी

भोक अंगठा जाईल एवढं होतं. बाहेरून त्याची कड गुळगुळीत होती, आतून फुलून पाकळ्यांसारखी वळली होती. पोलादावर ज्या बाजूने आघात होतो तिच्या उलट बाजूला ते असं उघडतं. म्हणजे गोळी बाहेरून आत आली होती, आणि समोरून. एवढं मी खात्रीने सांगू शकत होते. गाडी माझ्या वडिलांचीच होती का, हे मात्र सांगू शकत नव्हते.

वडील उमरेडचे कोष्टी. माग सोडून फौजेत गेले आणि तिथे चिलखती मोटार चालवायला शिकले. त्या नमुन्याच्या गाड्या फार थोड्या निघाल्या. इंजिन लवकर तापायचं, म्हणून पुढे बांधल्याच नाहीत. त्यांतल्या एकीपाशी उभं राहून त्यांनी काढून घेतलेला फोटो आमच्याकडे होता. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या सीमेवर ते दिसेनासे झाले. गाडी मागाहून जंगलात रिकामी सापडल्याचं कानावर आलं. सरकारने आम्हाला एकच शब्द दिला, बेपत्ता. मी तेव्हा नुकती चालू लागले होते. आता मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, आणि आई माझ्याकडे धरमपेठेत राहते.

बारा वर्षं माणसाची खबर नसली तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग त्याचं श्राद्ध घालता येतं. बारा वर्षं कधीच उलटून गेली होती. आईने ते होऊ दिलं नाही. माझे काका रामाजी दर भाद्रपदात उमरेडहून येत आणि तोच विषय काढत. या खेपेला जिना चढून आले तेव्हा त्यांना जोराची धाप लागली होती. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं होतं.

"वहिनी, दादाले पाणी देनारा मी एकटा उरलो. मी गेलो तं त्याले कोन बोलावन?"

"जित्या मानसाले आग लावाले सांगता काहून, भाऊजी?" आई म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. वडील जिवंत होते की नाही हे मलाही माहीत नव्हतं, म्हणून तर मी गाडी शोधत होते.

कामठीच्या छावणीत पूर्वी काम केलेल्या बाबूलाल मिस्त्रींनी फोटो पाहून सांगितलं होतं की लढाईनंतर मोडक्या गाड्या आगगाडीने इकडे आल्या आणि लिलावात गेल्या. अशी एक त्यांनी स्वतः पाहिली होती. तिचं इंजिन कापसाच्या जिनिंगवर गेलं, चाकं कोणाच्या तरी बैलगाडीला लागली. नुसता सांगाडा या हातातून त्या हातात फिरत कळमेश्वरला ताराचंद भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडला होता.

मी आधी एकटीच जाऊन आले. आत चालकाच्या जागी लोखंडी चौकट होती. तिची मूळची कॅनव्हासची पाठ फाटली असावी, कारण कोणीतरी तिथे सुताची दोरी गाठी मारत खाटेसारखी विणून घेतली होती. ग्रीस मुरल्यामुळे सूत टिकलं होतं. विणीच्या मध्यावर काही दोऱ्या तुटल्या होत्या. मी भोकातून त्या जागेपर्यंत सुतळी ताणून पाहिली. ती भोकाच्या कडेला न घासता सरळ आली. बसलेल्या माणसाची छाती त्याच रेषेत येत होती. दोऱ्यांवर काळपट डाग होते. तपासता आले असते. मी तपासले नाहीत.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं.

"तुले काय वाटते?" तिने विचारलं.

"मला वाटून उपयोग नाही. गाठी मला ओळखता येत नाहीत."

"मंग एवढी शिकली कायले वं?" ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी एसटीसाठी तीच माझ्याआधी तयार होती.

ताराचंद आम्हाला पाहून हसला. "या बाई, या. लोकं सोनं शोधते, तुमी भंगार शोधून राहिल्या. माही बकरी व्याली होती यात. दोन पावसाळे काढले तिनं."

"बकरीले पक्कं घर देलं, अन् पावन्याले बसाले एक ईट नाही," आई म्हणाली. तो लगबगीने पाट आणायला धावला. पाट आला तरी ती बसली नाही. त्याने पुढे केलेला हात न धरता मागच्या दारातून वाकून आत शिरली. मी तिच्या मागे गेले.

चालकाच्या जागेपुढे ती उभी राहिली. मग एकेक गाठ चिमटीत धरून पाहू लागली, आणि एकदम हसली.

"डावखुऱ्याच्या गाठी. पाह्य, उलट्या पडल्या. तुह्या बापाच्या गाठी मागाच्या फनीत अडके. माही सासू म्हने, पोरा, तुह्यापेक्षा कोळी बरा."

"नक्की त्यांच्याच?"

"मी त्या सोडू सोडू पुन्हा बांधल्या वं. मी नाही ओळखनार?"

तिचा हात मधल्या तुटक्या दोऱ्यांवर आला आणि थांबला.

"हे कशानं?"

"गोळीने."

"कोनीकडून आली?"

मी समोरचं भोक दाखवलं. तिथून हवेत बोट सरळ आणत दोऱ्यांपर्यंत नेलं. तिने बोटामागून पाहिलं.

"तो बसला नसन तेव्हा. उतरला असन."

"असू शकतं," मी म्हणाले. ते खरंच असू शकत होतं.

ती तुटकी टोकं हातात घेऊन उभी राहिली. दोन टोकं एकमेकांजवळ आणली, सोडली. पुन्हा आणली.

"तुटलेला धागा त्यानं कधी तसा ठेवला नाही, पुष्पे. ताटावरून उठे, सांधे, मंग जेवे. मी चिडो. याच्यातून उठला असता तं आंधी हे सांधलं असतं."

हा पुरावा नव्हता. जखमी माणूस पळतो, घाईत माणूस दोऱ्या सांधत बसत नाही, नंतर दुसराच कोणी त्या जागी बसलेला असू शकतो. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

बाहेर ताराचंद खाकरला. त्याचा आवाज मघापेक्षा खाली आला होता. "बाई, ते बसाचं काढून देऊ का? उद्या गॅस कटरवाला येऊन राहिला. मंग काही उरनार नाही."

"राहू द्या," आई म्हणाली. "कापा."

ती दारातून वाकून बाहेर आली. हाताला ग्रीस लागलं होतं. ते तिने पदराला पुसलं नाही, हात तसाच अंगापासून दूर धरला. आम्ही फाटकापर्यंत चालत आलो. तिथे ती थांबली.

"आज माह्यासंगं घरी येऊ नको," ती म्हणाली. "इथूनच उमरेडची गाडी पकड. भाऊजीले सांग, पळसाची पानं आना म्हनावं."