वरचा बटाटा

“हे अखिल विश्व एका अदृश्य दांडीवर तोललेलं आहे! एका पारड्यात आपलं करणं, दुसऱ्या पारड्यात आपलं भोगणं, आणि मधला काटा साक्षात परमेश्वराच्या डोळ्यांसमोर. तिथे गुंजभर इकडचं तिकडे होत नाही!”

हे वाक्य काटेकोरांनी भर बाजारात, चार लोक वळून बघतील अशा आवाजात उच्चारलं, तेव्हा त्यांच्या हातात एक बटाटा होता आणि तो ते भाजीवालीला परत करत होते.

“अहो काका, प्रेमानं घातलाय वर,” भाजीवाली म्हणाली.

“प्रेमाचं वजन किती?”

“एक बटाटा.”

हे उत्तर काही काटेकोरांच्या मापात बसेना. त्यांनी बटाटा ढिगावर ठेवला आणि ते चालू लागले. मागून त्यांची बायको आली. तिच्या पिशवीत मूठभर मटार ‘वरचा’ होता, पण ती काही बोलली नाही. संसार टिकवायचा तर सगळीच वजनं जाहीर करायची नसतात, हे तिला लग्नानंतर फार लवकर कळलं होतं.

काटेकोर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. दुकानदारांचे काटे आणि तराजू दुरुस्त करण्याचं त्यांचं लहानसं दुकान होतं. वाकलेली दांडी सरळ करावी, झिजलेलं वजन भरून काढावं, कोणतं पारडं चोरून जड झालंय ते हुडकावं, यात त्यांची हयात गेली. नाव बाजारानं ठेवलं. आधी लोक ते पाठीमागे घेत, मग तोंडावर घेऊ लागले आणि हल्ली तर ते स्वतःच फोन उचलून “काटेकोर बोलतोय” म्हणत. एका दुकानदारानं एकदा काटा किंचित आपल्याकडे झुकवून मागितला, त्याला त्यांनी हाकलून दिलं. दुसऱ्या एका भल्या माणसानं तो किंचित गिऱ्हाइकाकडे झुकवून मागितला, त्यालाही हाकलून दिलं. झुकतं माप म्हणजे चोरीच. फक्त चोर कधी अलीकडे उभा असतो, कधी पलीकडे, असं त्यांचं म्हणणं.

देवावर त्यांचा विश्वास होता; पण तो एका कारागिराचा दुसऱ्या कारागिरावर असतो तसा. काम चोख आहे, लुडबुड करायची गरज नाही. बायकोचं तसं नव्हतं. ती देवाशी दिवसभर काही ना काही बोलत असे. किल्ली सापडत नसली तरी त्यालाच विचारी.

त्या दिवशी बाजारातून घरी येऊन पिशवी खाली ठेवतात तोच जावयाचा फोन आला. मुलीचे दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. पण दुपारीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं, आणि मुलगी झाली होती. आई ठीक होती. बाळाबद्दल जावई नुसतं “तुम्ही या” म्हणाला.

दवाखान्यात काचेच्या पेटीत ती नात होती. मराठीत नाजूक माणसाला ‘तोळामासा प्रकृती’ म्हणतात. काटेकोरांना हा शब्दप्रयोग नेहमी ढिसाळ वाटे. माणूस काय तोळ्यात असतो? त्या दिवशी काचेला नाक लावून ते उभे राहिले आणि आपल्या भाषेची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

डॉक्टरीणबाईंनी फार गोल गोल बोलणं केलं नाही. “छाती तशी बरी आहे. आता सगळं वजनावर आहे. पहिले काही दिवस ते उतरतंच. पण मग चढायला लागलं पाहिजे. चढलं, की आपण जिंकलो.”

वजनावर! हा शब्द ऐकून काटेकोरांना वेड्यासारखा धीर आला. म्हणजे गोष्ट आपल्या धंद्यातलीच होती.

वजन चढेना. रोज सकाळी सिस्टर बाळाला पेटीतून काढायची, तोलायची, पाटीवर आकडा लिहायची आणि आकडा आदल्या दिवसापेक्षा लहान असायचा. सिस्टर वयानं मोठी, अंगानं भरदार आणि बोलायला करवंदाच्या जाळीसारखी होती. काचेबाहेरून काटेकोर तिच्याकडे बघत नसत, काट्याकडे बघत. जुना, तबकडीचा काटा. वर बाळ ठेवायचं पसरट पारडं, आत स्प्रिंग. स्प्रिंगवर त्यांचा जन्मात कधी भरवसा नव्हता. स्प्रिंग म्हणजे नातेवाइकासारखी, ओझं वाढलं की सैल पडायची.

एका सकाळी आकडा पुन्हा उतरला तेव्हा ते सिस्टरला आडवे गेले.

“सिस्टर, तुमचा काटा चुकतोय.”

“आजोबा, इथे येणारा प्रत्येक जण असंच म्हणतो.”

“ते म्हणतात. मी काटे दुरुस्त करतो.”

सिस्टरनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं. “दुपारी या, वॉर्ड शांत असतो तेव्हा. चपला बाहेर, हात साबणानं धुवायचे, आणि माझ्या बाळांवर शिंकायचं नाही.”

दुकानात जाऊन त्यांनी मखमलीच्या पेटीतली पितळी प्रमाणवजनं काढली. बसमध्ये ती पेटी मांडीवर घेऊन बसले असताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण प्रार्थना करतोय. आणि मागत काय होते? काटा खोटा निघू दे. ज्या माणसानं आयुष्यभर एकेका खोट्या काट्याला फासावर चढवायचं बाकी ठेवलं होतं, तो आज हात जोडून एक खोटा काटा मागत होता.

काटा खरा निघाला.

त्यांनी लहान वजन ठेवलं, मोठं ठेवलं, दोन्ही मिळून ठेवली. मधोमध ठेवलं, कडेला ठेवलं. केसाचाही फरक नाही. एवढा प्रामाणिक स्प्रिंगचा काटा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एरवी त्यांनी त्याला हार घातला असता.

“काय, आजोबा?” सिस्टरनं विचारलं.

“चोख आहे,” ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या घशातून इतक्या जड पावलांनी कधी निघाला नव्हता. त्यांनी वजनं आवरली. सिस्टर पहिल्यांदाच त्यांच्यासाठी दार धरून उभी राहिली.

बाहेर बाकावर बायको बसली होती. ते तिच्याशेजारी पेटी मांडीवर घेऊन बसले. समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली कुणाचा तरी फोन मोठ्यानं वाजत होता.

“खरा निघाला,” ते म्हणाले.

“हं.”

“मी सगळं घालून पाहिलं.” बायकोला वाटलं, वजनांबद्दल बोलतायत. पण ते पुढे म्हणाले, “दुसऱ्या पारड्यात. देवाला सांगितलं, मापात कधी कुणाला दांडी मारली नाही, ते घे. खोटं बोललो नाही, ते घे. आईचं केलं, ते घे. मग हिशोब मांडून बघितला. अगं, आयुष्यभराचं पुण्य, आणि तिच्या एका नखाच्या पासंगालाही पुरेना.”

 पंख्याच्या वाऱ्यानं उडालेला पदर बायकोनं नीट केला.

“तू काय सांगितलंस त्याला?” त्यांनी विचारलं.

“म्हटलं, तिला राहू दे.”

“आणि बदल्यात?”

“बदल्यात काय, अहो? त्याला आपल्याकडचं काय कमी पडलंय?”

काटेकोर तिच्याकडे बघत राहिले. “म्हणजे नुसतं मागितलंस? फुकट?”

“मग काय! लेकरानं आईकडे दूध मागितलं, तर ती काय काटा आणते?”

“तुझं बरंच वजन दिसतंय त्याच्याकडे.”

“वजन कसलं,” बायको म्हणाली, “ओळख आहे.”

एवढं बोलून ती मुलीच्या उशाशी बसायला गेली. काटेकोर बाकावर राहिले.  मग त्यांनी पेटीचं झाकण घट्ट लावलं, ती बाकाखाली सरकवली, आणि रिकाम्या हातांकडे बघत, शेजारी बसलेल्याला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “माझ्याकडे घालायला काही नाही. तरी दे.” हे वाक्य त्यांच्या कानाला इतकं बेहिशेबी वाटलं की त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. नंतर त्यांना बाकावरच झोप लागली. इतक्या दिवसांत ती पहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं काचेच्या दारातून डोकं बाहेर काढलं. “आजोबा, या आत. आज तुम्हीच वाचा. म्हणजे पुन्हा माझ्या काट्यावर आळ नको.”

त्यांनी हात धुतले. पारड्यावर सिस्टरनं मऊ कापड घातलं, खालचा स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. मग दोन्ही हातांच्या ओंजळीत, पाणी सांडू नये तशी, ती नात आणली आणि पारड्यात ठेवली.

काटा सरकला, पुढे गेला, मागे आला, आणि थरथरत राहिला.

काटेकोर वाकून थांबले. त्यांच्या धंद्याचा पहिला नियम: काटा स्थिर झाल्याशिवाय वाचायचा नाही. काटा स्थिर होईना.

“थांबू द्या काटा,” ते कुजबुजले.

“आजोबा,” सिस्टर म्हणाली, “इथे काटा थांबायला नको असतो.”

त्यांनी मान वर केली. बाळाच्या बरगड्या वरखाली होत होत्या. श्वास आत गेला की काटा हलायचा, बाहेर आला की हलायचा. तिनं अंगठ्याएवढं पाऊल झाडलं की पार उडी मारायचा. लोखंड, पितळ, धान्य, खिळे, काय काय तोललं होतं त्यांनी. सगळं निमूट काटा थांबवणारं. आणि हे एवढंसं कुणीतरी, कुणीही उसना न दिलेला श्वास घेत, सबंध काट्याला नाचवत होतं. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि ह्या काट्याला मात्र त्यांच्याजवळ माप नव्हतं. हा काटा थांबू नये, देवा, असं त्यांच्या मनात आलं. कधीच थांबू नये.

“वाचा की,” सिस्टर म्हणाली. “मधला आकडा धरायचा.”

त्यांनी मधला आकडा धरला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा धरला. कालच्या आकड्यापेक्षा चमचाभर पुढे होता.

“चुकत असेल,” ते म्हणाले.

“काल तुम्हीच तपासलात ना?”

काटेकोर त्या काट्याकडे बघत उभे राहिले. पसरट पारडं, त्यात ती, खाली तबकडी. काल तासभर ते त्याच्याशी झटले होते. पण आजच त्यांना दिसलं की ह्या काट्याला दुसरं पारडंच नाही. समोर काही घालायला जागाच ठेवलेली नव्हती.

“आजोबा, रडायचं तर बाहेर,” सिस्टर म्हणाली आणि स्वतःचं नाक बाहीला पुसून बाळ पेटीत ठेवायला वळली.

त्यानंतर वजन कधी मुंगीच्या पावलानं चढलं, एकदा थोडं उतरलंही. काटेकोर रोज काचेला नाक लावून उभे. पण डॉक्टरीणबाई आता गोल चेहऱ्यानं हसू लागल्या होत्या, आणि एका सकाळी त्यांनी मुलीला सांगितलं, “घरी न्यायची तयारी करा.”

त्या संध्याकाळी काटेकोर बायकोबरोबर बाजारात गेले. भाजीवालीनं त्यांना पाहिलं आणि धडा आठवून बटाटे अगदी काट्याच्या नाकावर तोलले. एकही वर नाही. पिशवी त्यांच्या हातात दिली. ते जागचे हलेनात.

“काय झालं काका? कमी भरलं?”

“नाही नाही. चोख आहे.” त्यांनी घसा साफ केला. बायकोकडे पाहिलं, ती कांद्यांकडे बघत होती. मग ते ढिगावर जरासे वाकले आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाले,

“त्या दिवशीचा तो वरचा बटाटा... अजून आहे का?”