दोनदा खाकरले

टायपिस्टबाईंची नोकरी गेली तेव्हा त्या सोडून बाकी सगळ्या नातेवाइकांत आनंदीआनंद झाला. बाई आता मोकळ्या झाल्या होत्या ना! चुलतसासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, दवाखान्यात कोण बसणार? ही आहे की. भाचीला घर बदलायचंय, सामान कोण बांधणार? हिला काय काम आहे आता. पूर्वी फोन केला की लोक आधी ‘कामात आहेस का’ असं विचारायचे. आता थेट ‘कधी येतेस’ असं विचारू लागले.

यात सगळ्यात पुढे थोरली नणंद. तिच्या सुनेची रजा संपत आली होती आणि घरात तान्हं बाळ होतं. तिने परस्पर ठरवून टाकलं, की वहिनीने तिच्या गावी येऊन राहायचं आणि बाळ सांभाळायचं. किती दिवस? ‘शाळेत जाईपर्यंत,’ नणंद म्हणाली, जणू शाळा पुढच्या आठवड्यातच उघडणार होती. रविवारी ती गाडी घेऊन न्यायला येणार होती. नाही म्हणायचं तर काहीतरी कारण लागतं, आणि ‘मला नको वाटतं’ हे कारण या घराण्यात कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. बाईंनी मुकाट्याने बॅग भरली आणि दाराशी ठेवली. येता-जाता तिची पायाला ठेच लागायची.

बाईंचं काम तसं कुणाला दिसणारं नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात त्यांची खोली होती. वर डॉक्टर रुग्ण तपासायचे आणि नंतर प्रत्येकाचं पत्र यंत्रात बोलून ठेवायचे. बाई कानाला हेडफोन लावून ते टाईप करायच्या. पायाखाली एक पेडल असायचं. पुढून दाबलं की आवाज सुरू, टाचेने दाबलं की आवाज थोडा मागे. एखादा शब्द कळला नाही की टाच दाबायची आणि परत ऐकायचं. डॉक्टरांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नाहीत, त्यामुळे आवाजांवरून नावं ठेवली. एक होते पुटपुटे, एक होते सुसाट, आणि एक खाकरे.

खाकरे डॉक्टर एरवी घडाघडा बोलायचे. पण बातमी वाईट असली, की आधी दोनदा खाकरायचे, जरा थांबायचे आणि मग म्हणायचे, ‘कळवायला वाईट वाटतं.’ रुग्णाला पत्र मिळायच्या आधीच तळघरात बाईंना कळलेलं असायचं. ते खाकरणं कानावर आलं की त्यांची बोटं आपोआप सावकाश चालायची. ओळख ना पाळख, पण त्या माणसासाठी बाईंना खरंच वाईट वाटायचं.

मग वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हे टायपिंग परदेशात पाठवावं. इथे रात्र असते तेव्हा तिथे दिवस, म्हणजे डॉक्टर झोपेतून उठायच्या आत पत्र तयार. जायच्या आधी तिथल्या एका मुलीला फोनवरून काम शिकवायचं, हेही बाईंच्याच गळ्यात पडलं. खरं तर त्यांनी हात आखडता घेतला असता तर त्यांना कुणी बोललं नसतं. पण मुलगी गुणी निघाली, आणि बाईंना वाईट शिकवताच येत नव्हतं.

“हे डॉक्टर दोनदा खाकरतात, ते टाईप करायचं का?” मुलीने विचारलं होतं.

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “ते नुसतं ऐकायचं.”

त्यानंतर बाईंनी बऱ्याच ठिकाणी उंबरे झिजवले. कुठे वय विचारलं, कुठे न विचारता नुसतं केसांकडे पाहिलं. त्यात पायाची सवय सुटता सुटेना. समोरचा पुटपुटला की बाईंची टाच जमिनीवर दाबली जायची, आणि माणूस काही मागे जात नसे. एका दुकानाच्या मालकाने तर विचारलं, “पायाला मुंग्या आल्यात का तुमच्या?” तिथलंही बारगळलं.

आणि अचानक जुन्या हॉस्पिटलचीच जाहिरात दिसली. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून, आत काय सांगितलं ते रुग्णांना नीट समजावणारं माणूस हवं होतं. मुलाखत शनिवारी, म्हणजे नणंद यायच्या आदल्या दिवशी.

“ज्यांनी काढलं त्यांच्याच दारात परत जाणार?” नवरा म्हणाला. आयुष्यभर बस चालवून तो निवृत्त झाला होता आणि रिव्हर्स गिअर त्याला कधीच आवडला नव्हता.

“दार कुणाचं का असेना. हे नाही मिळालं तर रविवारी मी ताईंच्या गाडीत असेन.”

त्याने बॅग उचलून दारापासून थोडी बाजूला सरकवली.

मुलाखतीला टेबलापलीकडे दोघं होते. एक ऑफिसमधली तरुण मुलगी आणि एक बुटके, गोल चेहऱ्याचे डॉक्टर. डॉक्टर “बसा” म्हणाले आणि बाईंनी आवाज ओळखला. हे तर खाकरे! इतकी वर्षं बाईंच्या मनातले खाकरे उंच, किडकिडीत आणि उदास होते. हा माणूस मिठाईच्या दुकानात शोभला असता.

“मी तुमची पत्रं टाईप करायचे,” बाई म्हणाल्या.

“तळघरातल्या तुम्ही?” डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. “तुम्ही गेल्यापासून... बरं, ते असू दे.”

मुलगी भराभर आणि हळू आवाजात प्रश्न विचारत होती. बाईंची टाच दोनदा दाबली गेली. शेवटी त्यांनी सरळ सांगितलं, “परत म्हणाल का? मला नीट ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही.” मुलीने परत विचारलं, यावेळी सावकाश. मग डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काय करायचं ते घडाघडा सांगितलं आणि म्हणाले, मी घाबरलेला म्हातारा आहे असं समजा, आता मला समजवा. बाईंनी समजावलं. एका जागी त्या अडखळल्या, डॉक्टरांना विचारलं आणि पुढे गेल्या. आपलं बरं चाललंय असं त्यांना कित्येक महिन्यांनी वाटलं.

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मान हलवली. डॉक्टरांनी समोरचं पेन उगाच सरळ केलं, आणि ते दोनदा खाकरले.

पुढचं वाक्य बाईंना पाठ होतं. ते स्वतःच्या बाबतीत ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्या उठल्या, पर्स घेतली, “कळलं. येते मी,” म्हणाल्या आणि दार ओढून बाहेर पडल्या. जिन्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर नणंदेची गाडी आली, मागच्या सीटवर बाळाची दुपटी आणि दुपट्यांच्या मध्ये त्या स्वतः.

“अहो बाई! थांबा!” वरून डॉक्टर धापा टाकत उतरत होते. “चाललात कुठे? मी अजून बोललोच नाही.”

“तुम्ही दोनदा खाकरलात.”

“म्हणजे?”

“वाईट सांगायचं असलं की तुम्ही दोनदा खाकरता. मी वर्षानुवर्षं ऐकलंय.”

डॉक्टर कठडा धरून उभे राहिले. आपण असं काही करतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. “रुग्णांनाही कळत असेल?” त्यांनी हळूच विचारलं.

“सगळ्यांना नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही काय सांगणार होतात?”

“हेच, की...” आणि ते खाकरले. एकदा. दुसरं त्यांनी मोठ्या कष्टाने गिळलं. “खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये आहे. टेबलसुद्धा नाही. तो निळा कोट घालावा लागेल. आणि वरिष्ठ म्हणून आतली ती मुलगी, तुमच्या लेकीच्या वयाची. तुमच्यासारख्या जुन्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, मला समजेना.”

“म्हणजे नोकरी आहे?”

“नोकरी तर आहेच हो. सोमवारपासून.”

बाईंचा जीव असा भांड्यात पडला, की त्या तिथेच पायरीवर बसल्या. मग हसू लागल्या. डॉक्टरांना आधी काही कळेना, मग तेही दोन पायऱ्या वर बसले आणि कपाळ पुसत हसू लागले. टेबल नाही म्हणे! तळघरात टेबल होतं, त्याच्या बदल्यात खिडकी नव्हती.

घरी आल्यावर नवऱ्याने नुसतं तोंडाकडे पाहिलं, बॅग उचलली आणि आतल्या खोलीत जाऊन कपडे कपाटात लावू लागला. घड्या सगळ्या चुकीच्या घालत होता, पण बाईंनी त्याला टोकलं नाही. त्यांनी फोन हातात घेतला. नणंदेला आजवर त्यांनी कशालाही नाही म्हटलं नव्हतं.

“हं, बोल गं,” पलीकडून आवाज आला. “उद्या लवकर निघतेय मी. बॅग भरलीस ना?”

बाई बोलायला गेल्या आणि त्यांचा घसा आपोआप साफ झाला. एकदा, आणि मग परत एकदा.

“काय गं, सर्दी झाली का?”

“नाही ताई,” बाई म्हणाल्या. “मी येत नाहीये.”