पाचरीखालचे पत्र

त्या पत्राला अकरा वर्षे उत्तर गेले नाही. हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? ते पत्र माझ्याच पोटात होते.

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. लाकूड गुळगुळीत करायचे सुताराचे हत्यार. बोलायची मला सवय नाही, आणि जे सांगणार आहे ते मला स्वतःला तरी नीट उमजले आहे का, अशी शंका येते. पण मला राग आला आहे. इतकी वर्षे गिळलेला राग लाकडालाही आतून पोखरतो.

आमच्या मिस्त्रीच्या वडिलांनी मला घडवले. अंगात एक खाच, खाचेत तिरके पाते आणि पाते हलू नये म्हणून ठोकलेली पाचर, एवढाच माझा संसार. आमच्या कारखान्यात शवपेट्या होत. म्हातारबांचे दोन दंडक होते. पहिला, पेटीची आतली बाजूही बाहेरच्यासारखीच रंधायची. धाकट्या मुलाने एकदा कुरकुर केली, "आत कोण बघायला जातंय, बाबा?" म्हातारबा म्हणाले, "ज्याला आत झोपायचंय त्याला विचार, आणि मला येऊन सांग." दुसरा दंडक, भिंतीशी उभ्या केलेल्या फळ्या दोराने बांधायच्या. एक फळी काढली तरी दोर लगेच पुन्हा आवळायचा.

म्हातारबा गेले. मोठा मुलगा मिस्त्री झाला, धाकटा त्याच्या हाताखाली राहिला. कामाला नाव होते. रडून डोळे सुजलेली माणसेसुद्धा झाकणावरून हात फिरवून म्हणत, काय सुरेख काम केलंय. शवपेटीचे झालेले कौतुक कसे घ्यायचे, ते मला कधी कळले नाही.

मिस्त्रीला एकच मुलगी, सात वर्षांची. माझ्या गुणगुणण्यामुळे ती मला भुंगा म्हणे. माझ्या पोटातून निघणाऱ्या लाकडाच्या वळणदार साली कानांना अडकवून ती मिरवायची.

त्या सकाळी मिस्त्रीने एक फळी काढायला दोर सोडला. तेवढ्यात दारातून कोणी हाक मारली म्हणून तो बाहेर गेला आणि तिथेच गप्पांत रमला. दोर लोंबत राहिला. धाकटा आत आला, फळ्यांकडे पाठ करून मला चालवू लागला. मुलगी साली वेचायला आली. मला दोर दिसत होता. मला तोंड नव्हते.

फळ्या कोसळल्या.

कारखान्यात कोण होते, असे सगळ्यांनी विचारले. धाकटा होता. मुलीच्या आईने त्याची गचांडी धरली, "भावजी, दोर का नाही बांधलात?" त्याने भावाकडे पाहिले. भावाने मान खाली घातली. बायबलातला पहिला माणूस पाप करून झाडांमागे लपला आणि सापडल्यावर बोट बायकोकडे दाखवून मोकळा झाला, असे आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगत. आमच्या मिस्त्रीने बोटही दाखवले नाही. नुसता गप्प बसला. तेवढे पुरले.

दुपारी दोघा भावांनी मिळून ती लहानशी पेटी केली. आतली बाजू मी केली. माझे पाते त्या दिवशी मोडले असते तर बरे, असे मला वाटले. पण हत्यारावर देव अशी कृपा करत नाही.

शेजारी म्हणाला, "देवाला चांगली फुलं आधी लागतात." पाळकसाहेब एरवी मवाळ माणूस. त्या दिवशी कडाडले, "देवाच्या नावावर असलं काही खपवू नका. मित्राच्या थडग्यापाशी प्रभू रडला होता. मरण त्याला पसंत असतं तर रडला कशाला असता?" जन्मभर मरणाच्या फळ्या रंधून मी थोडा निर्ढावलो होतो. त्या शब्दांनी माझा राग जागा झाला. मरण नेहमीचे आहे म्हणून ते चांगले होत नाही.

चौथ्या दिवशी धाकटा पिशवी घेऊन निघून गेला. तीन महिन्यांनी पत्र आले. मिस्त्रीने ते माझ्याजवळ उभे राहून पुटपुटत वाचले. 'दादा, दोर मीच सोडला होता. कोणी विचारलं तर हेच सांग. वहिनीलाही. तू सांभाळ. दोन ओळी लिहिल्यास तर बरं वाटेल.'

भावाला वाचवण्यासाठी त्याने दुसऱ्याचे पाप अंगावर घेतले होते. मिस्त्रीला रडू आले नाही, संताप आला. आपल्याला कोणी क्षमा करावी, आणि ती आपण मागायच्या आधीच, हे माणसाला किती झोंबते! त्याने पत्राची घडी घातली आणि सैल झालेल्या माझ्या पाचरीखाली दडपून वरून हातोडी मारली.

मग अकरा वर्षे. आमच्याकडे झाकण लावण्यापूर्वी प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायची रीत आहे. इतरांना क्षमा करण्याची ओळ आली की मिस्त्री खोकायचा. प्रत्येक वेळी. बायको चुलीसाठी साली न्यायला यायची, फळ्यांचा दोर दोनदा ओढून बघायची आणि दिराच्या नावाने बोटे मोडायची. तो ऐकून घ्यायचा. पत्रामुळे माझे पाते तिरके बसले होते. लाकडावर ओरखडे उठत. मिस्त्री मलाच शिव्या देई.

परवा माझी पाचर निसटली. घडी सालींत पडली आणि साली भरताना बायकोच्या हाती लागली. तिने वाचले. म्हणाली, "बघा. स्वतःच कबूल केलंय मेल्यानं. आणि हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत?"

मित्रांनो, तो सुटला होता. नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. मला खात्री होती, तो खोकणार.

मिस्त्री म्हणाला, "खोटं लिहिलंय त्यानं. दोर मी सोडला होता."

ती खाली बसली. म्हणाली, "अकरा वर्षं मी त्या पोराला शिव्याशाप दिले. तुम्ही शेजारी बसून जेवत होतात."

"हो."

"तुम्हाला माफ करीन की नाही, मला माहीत नाही. आज तरी नाही. पण त्याला लिहा. आत्ता. माझ्यासमोर."

त्याने कानामागची पेन्सिल काढली, कागद माझ्या पाठीवर टेकवला. पेन्सिलीचा दाब मला कळत होता. 'दोर मी सोडला होता. तुला माहीत होतं. वहिनीला आज सांगितलं. घरी ये.' एवढ्यालाच त्याला घाम फुटला.

मी कोणाला शिकवणारा मोठा लागून गेलो नाही. एवढेच म्हणतो, हत्याराची काळजी घ्या, पाते पुसा, पाचर तपासा. आणि स्वतःचे पाप दुसऱ्याच्या पोटात दडपून वर हातोडी मारू नका. माणूस मुळातच वाकडा आहे, हे मला मान्य आहे. वाकडे लाकूड मी रोज पाहतो. पण आतली बाजू कोणी बघत नाही म्हणून ती तशीच ठेवायची नसते.

पत्र टाकायला तो उठला. बायकोने ते त्याच्या हातातून ओढून घेतले. तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. टपालपेटी आमच्या दारासमोरच आहे. रस्ता ओलांडला की झाले. झाकणाचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.