डावीकडं

"डावीकडं! अगं, डावीकडं वळ!"

देविकाने स्कूटर उजवीकडे घातली. कपूरथला चौकात समोरून येणारा सवारीचा टेम्पो करकचून थांबला आणि त्यातली सात-आठ माणसे एकमेकांवर आदळली.

"बाबूजी, पहले बिटिया को दायाँ-बायाँ सिखा दीजिए!" टेम्पोवाला ओरडला. "फिर कपूरथला घुमाइए!"

मागे बसलेल्या हणमंतरावांनी त्याच्याकडे पाहून मुकाट्याने हात जोडले. गाडी कडेला लागल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला.

"मी काय म्हणालो?"

"दाएँ बोला आपने!"

"डावीकडं म्हणालो."

"वही तो, आजोबा! डा, दा... पीछे से सब एक ही सुनाई देता है."

हणमंतराव साताऱ्याकडचे. सैन्यात ट्रक चालवला आणि नव्या पोरांना चालवायला शिकवले. कुणावर कधी हात उगारला नाही. दहादा चुकले तर अकराव्यांदा सांगायचे. निवृत्तीनंतर ते लखनौलाच राहिले. नात इथेच जन्मली. तिला मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत यायचे. तिच्या कानात डावा शिरला की त्याचा दायाँ व्हायचा.

"बाबा, सरळ लेफ्ट-राईट म्हणा ना," सून रूपाली म्हणाली.

"घरात मराठी उरलीय किती? आमटी, भाकरी आणि डावं-उजवं. तेवढं तरी राहू दे."

दिवाळीपर्यंत तेच देविकाला कॉम्प्युटरच्या क्लासला सोडत. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली आणि क्लासही थांबला. आता नवीन बॅच सुरू होत होती. शिकाऊ परवान्यावर मागे कुणी परवानावाले बसावे लागे; पक्का मिळाला तर देविका एकटी जाऊ शकणार होती. "तशीच जाऊ दे की, इथे कोण विचारतं?" असे शेजारचे म्हणाले, तेव्हा हणमंतराव उठून आत गेले.

त्या रात्री जेवताना त्यांनी देविकाचे ताट पुढे ओढले. रूपालीने घाईत सगळे एकाच बाजूला वाढले होते. त्यांनी चटणी एका कडेला सरकवली, भाजी दुसऱ्या.

"हे बघ. आपल्यात चटणी, लोणचं, मीठ डाव्या बाजूला. भाजी उजव्या. हिंदी विसर, ताट आठव. डावं म्हणजे?"

"चटनी."

"उजवं?"

"भाजी."

महिनाभर हेच चालले. सकाळी इंदिरा नगरच्या रिकाम्या गल्लीत हणमंतराव "डावं!" म्हणत आणि देविका नियमाच्या पुस्तकातल्यासारखा उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट फिरवी, मग डावीकडे वळे. उजवीकडे जायचे तर तोच हात सरळ बाहेर. चौकात तिचा हात फिरू लागला की मागचे हसत. "किसको बुला रही हो, दीदी?" असा एकाने आवाजही दिला. त्याने स्वतः हात न दाखवता, मागे न बघता, रिक्षाच्या नाकासमोरून स्कूटर घातली होती.

"हंसते हैं सब," देविका कुरकुरली.

"हसू दे. तू हात दाखव."

परवान्याच्या परीक्षेच्या दिवशी हणमंतराव मैदानाच्या कुंपणाशी उभे होते. देविकाने आठचा आकडा पाय न टेकता काढला. चौकासारख्या आखलेल्या रेषांजवळ ती आली तेव्हा निरीक्षक म्हणाले, "अब दाएँ मोड़िए."

देविकाचा हात बाहेर आला. घड्याळाच्या उलट, संथ, सुरेख फिरला. आणि ती डावीकडे वळली.

हणमंतरावांनी कुंपणाची तार घट्ट धरली.

"हाथ तो एकदम किताबी दिया, बेटा," निरीक्षक म्हणाले. "ऐसा हाथ अब कोई नहीं देता. पर मैंने दाएँ कहा था. अगले महीने आइए."

बाहेर आल्यावर देविकाने हेल्मेट सीटवर आपटले. "महीने भर डावा-डावा रटाया आपने! अब दाएँ भी डावा सुनाई देता है!"

हणमंतरावांना चीड आली होती, पण ती काढायची कुणावर? साहेब त्यांच्या गावात त्यांच्या भाषेत बोलले होते. पोरीने शिकवले तसेच केले होते. आणि ज्यांना हात दाखवणे ठाऊकच नव्हते, ते सगळे परवाने खिशात घालून रस्त्यावर बिनधास्त फिरत होते.

"अब क्लास?" तिने डोळे पुसत विचारले.

"मी आहे की मागं. मागं बसायला डोळे लागत नाहीत."

ते मागे बसले. कपूरथल्याला गर्दी तशीच होती. घरासाठी इथून डावीकडे वळायचे होते. शब्द ओठांवर आला, तो त्यांनी गिळला. मग तिच्या कानाशी वाकून ते हळूच म्हणाले,

"चटणी."

देविकाचा हात बाहेर आला आणि फिरू लागला. मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला. वळण पुरे होईपर्यंत तिने हात आत घेतला नाही.