निंबावरची वेल

"काही काढा, जडीबुटी, गावठी औषध वगैरे घेता का?" डॉक्टरीणबाईंनी भागाबाईच्या डोळ्यांखालची कातडी ओढून पाहत विचारलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

"नाही हो, काहीच नाही. चहा घेते, बस्स," शेजारच्या खुर्चीतून भाईदासनं परस्पर उत्तर दिलं.

भागाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. अंगात उठून बसायचं त्राण नव्हतं, पण चिडायला ते पुरेसं होतं.

"खोटं काब्र बोलतस? रोज सकायले वाटीभर गुयवेल पाजतस ना माले!"

भाईदास धुळ्याच्या त्या दवाखान्यातल्या फरशीकडे बघत बसला. जन्मभर शिंदखेड्याच्या शाळेत शिपाई म्हणून घंटा दिली, पण माणूस ओळखला जाई तो वेलीमुळे. ताप आला, साखर वाढली, सांधे धरले, की लोक सकाळी सकाळी या 'आबां'च्या फाटकात हजर. आबा निंबाच्या झाडावर चढलेल्या वेलीची कांडी तोडून देणार, कशी उकळायची ते सांगणार, वर पैसे विचारले तर रागावणार. फाटक सदा उघडं. त्यातून गल्लीतल्या बकऱ्या शिरायच्या आणि भागाबाईची मेथी फस्त करून जायच्या. "फाटक लावत जा," हे तिनं किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे. उत्तर एकच, "आन कोनी उनं तर?" दारी आलेलं माणूस परत जायला नको.

या परोपकारी माणसानं स्वतः मात्र ती वेल कधी तोंडाला लावली नाही. त्याला म्हणे काही होतच नव्हतं. मग प्रयोगाला घरात उरलं कोण? रोज सकाळी वाद नको म्हणून भागाबाई नाक दाबून ती वाटी रिकामी करायची.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी वेलीचा तुकडा मागवला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. खोडावर सगळीकडे टणक पुळ्या होत्या.

"काका, ही गुळवेल नाही. तिच्या नात्यातलीच आहे, पण गुळवेलीला अशा पुळ्या नसतात. ही पिऊन यकृत बिघडल्याचे पेशंट आम्ही पाहिलेत. आणि खरी गुळवेल असली तरी वर्षानुवर्षं मनानं नाही प्यायची. ती तरी कुणाला सोसेल, कुणाला नाही, कसं सांगणार? आणखी थोडा उशीर केला असता, तर मावशींचं कठीण होतं."

"पन निंबवर चढेल शे," भाईदास पुटपुटला. बाईंसमोर आपण शुद्ध बोलतो हेही तो विसरला. "निंबवर चढनी म्हणजे गुयवेलच ना!"

भागाबाईला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. जुनी वेल मागे एका उन्हाळ्यात वाळली, तेव्हा यानंच कुठल्याशा शेताच्या बांधावरून ही आणून निंबावर टाकली होती. चाखून बघून हरखला होता. पहिलीपेक्षा कडू, म्हणजे पहिलीपेक्षा गुणकारी! साऱ्या गल्लीनं मान डोलावली होती.

घरी आल्यावर त्यानं कोयत्यानं वेल मुळापासून तोडली आणि ओट्यावर येऊन बसला.

"लोकसले कोन सांगी?" भागाबाईनं खाटेवरून विचारलं.

"कोनता तोंडघाई सांगू मी?"

"ज्या तोंडघाई पी पी म्हनेत, त्याच तोंडघाई! मंदाबाई साखरसाठे रोज पेस. तिनं काही बरंवाईट व्हयनं म्हणजे?"

तिचा आवाज चिरकला. राग होताच, पण त्याच्या पडलेल्या चेहऱ्याची तिला कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

तो पिशवी घेऊन निघाला. दारोदार जाऊन म्हणाला, माझं चुकलं, ती वेल पिऊ नका, असेल ती परत द्या, डोळे पिवळे वाटले तर दवाखाना गाठा. कुणी हसलं, कुणी तोंडावरच बोललं. मंदाबाई वाळवून ठेवलेल्या कांड्यांचा डबा काही केल्या हातातून सोडेना.

"आबा, तुम्हना हातनं शे. फेकाले जीव व्हत नई."

त्यानं तो डबा अक्षरशः हिसकावून घेतला. हे त्यानं घरी येऊन सांगितलं आणि भरलेली पिशवी चुलीपाशी ठेवली. रात्री जेवला नाही.

सकाळी भागाबाई भिंतीला धरून धरून अंगणात आली. कुणी आलेलं नव्हतं. निंबाचं खोड उघडं पडलं होतं. भाईदास पायरीवर फाटकाकडे पाठ करून बसला होता, आणि फाटकाला आतून कडी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ती आपणहून लावली होती.

ती तशीच पुढे गेली. कडी गंजली होती, निघता निघेना. दोन्ही हातांनी जोर लावून तिनं ती काढली आणि फाटक सताड लोटलं.

"बकऱ्या घुसतीन," तो मागे न बघता म्हणाला.

"घुसू द्या," भागाबाई खेकसली, आणि धाप लागली म्हणून त्याच्या शेजारी पायरीवर बसली.